आबांच्या अंगातली गाठ

आमच्या वस्तीत जांभळीखाली भूत दिसायला लागलं, त्या वर्षी मी भोरला शाळामास्तर होतो. सुट्टीत घरी गेलो की कोणी ना कोणी त्याची हकीकत सांगे. दिवस मावळायच्या सुमाराला ओढ्याकडच्या वाटेवर, जांभळीच्या बुंध्याला हात लावून कोणीतरी उभं असतं. तोंड राजगडाकडं. हलत नाही. हाक मारली तर ओ देत नाही, वळूनही बघत नाही. शेजारची एक बाई डोक्यावरचा सरपणाचा भारा तिथंच टाकून पळत आली आणि तापानं फणफणली. तेव्हापासून सांजेला त्या वाटेनं जाणं लोकांनी सोडून दिलं.

ते भूत म्हणजे माझे वडील होते.

मला हे आईनं सांगितलं. चुलीत फुंकर घालता घालता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तुजं आबा असत्यात तितं. लघवीला जात्यात. कंबर धरलीया, खाली बसाया येत न्हाई, म्हून झाडाला धरून हुबं ऱ्हात्यात. हुबं ऱ्हात्यात, हुबं ऱ्हात्यात, पर हुतच न्हाई त्यास्नी. थेंब थेंब."

"मग लोकांना सांगत का नाहीत?"

"काय सांगतील? देवीचं मानूस त्ये."

आबा साठीच्या पुढं गेले होते. गुंजवणे गावाच्या अलीकडं आमची थोडी भातखाचरं, उतारावर नाचणी आणि गोठ्यात एक बैलजोडी, एवढ्यावर घर चालायचं. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखायचे ते शेतीमुळं नाही. वस्तीच्या वरच्या अंगाला देवीचं देऊळ आहे. तिचं वारं आबांच्या अंगात यायचं, मी जन्मायच्या आधीपासून. ढोल वाजायला लागला की ते बसल्या जागी ताठ व्हायचे, चेहरा लालबुंद व्हायचा, अंगातून घाम निथळायचा, आणि मग जो आवाज निघायचा तो घरात आम्हांला हाका मारणाऱ्या माणसाचा नसायचा. लोक प्रश्न विचारायचे, देवी उत्तर द्यायची. वारं उतरलं की त्यांना त्यातलं काही आठवत नसे. लहानपणी मला त्यांची भीती वाटे. मोठेपणीही ती पुरती गेली नव्हती.

तेव्हा भुताचा बंदोबस्त करायला लोक जाणार कुणाकडं? ते आबांकडंच आले. आबांनी आधी टाळलं, मग त्यांना टाळता येईना. एका दुपारी नारळ, लिंबं आणि कुंकू घेऊन ते जांभळीकडं निघाले. सगळी वस्ती लांब बांधावर उभी होती. मी त्यांच्या मागं होतो. झाडाभोवती फिरून त्यांनी नारळ फोडला आणि लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "आजपास्नं दिस बुडताना कुनी हिकडं यायाचं न्हाई. आलं तर माजी जबाबदारी न्हाई."

परत येताना मी विचारलं, "आबा, असं का सांगितलंत?"

"मंग काय सांगू?" ते कंबरेवर हात ठेवून थांबले. "आता निदान कुनी बगनार तरी न्हाई."

नवरात्रात मी पुन्हा घरी होतो. देवळात ढोल सुरू झाला. आबा नेहमीच्या जागी बसले होते. त्यांचे खांदे हलायला लागले, मान मागं गेली, बायकांनी हात जोडले. ते उठायला गेले आणि अर्ध्यावरच मटकन खाली बसले. तोंडातून एक बारीक आवाज निघाला, मार बसलेल्या जनावरासारखा. ढोलकरी घाबरून थांबले. देवी आली होती आणि तिला हे शरीर उचलता आलं नव्हतं, असंच सगळ्यांना वाटलं. बाहेर पडताना एक म्हातारा हळूच बोलला, "जांबळीवाल्यानं डाव साधला. आबांनी त्येला बांदला, त्यानं आबांना धरलं."

आबांनी ते ऐकलं. माझ्या खांद्यावर हात टाकून ते घराकडं निघाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांची लघवी पुरती कोंडली. मला भोरला निरोप आला तोवर चुलत्यांनी त्यांना बैलगाडीत घातलं होतं. गाडी मार्गासनी, नसरापूर करत भोरला पोचली तेव्हा आबांचं पोट घागरीसारखं फुगलं होतं आणि ते गाडीची दांडी दातांनी चावत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रबरी नळी घालून लघवी काढली. आबांचा चेहरा सैल पडत गेला तो मी पाहिला. त्यांनी डॉक्टरांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला.

मग डॉक्टरांनी हातात रबरी मोजा चढवला, आबांना कुशीवर वळवलं आणि गुदद्वारातून बोट घालून तपासलं. आबांनी डोळे घट्ट मिटले होते. तपासता तपासता डॉक्टर थांबले. पुन्हा तिथंच तपासलं. हात धुऊन त्यांनी मला व्हरांड्यात नेलं.

"प्रत्येक पुरुषाला मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते," ते म्हणाले. "म्हातारपणी ती बऱ्याच जणांची वाढते आणि लघवी अडते. ती हाताला अशी लागते." त्यांनी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मांस दाबलं. "तुमच्या वडिलांची अशी लागली." आणि त्यांनी माझ्या मुठीचं हाड दाबलं.

मी माझ्या हाताकडं बघत राहिलो.

"हा कॅन्सर असावा. कंबर दुखते ती त्यामुळंच असेल, हाडांत उतरला असेल. पुण्याला न्या."

"आधी आणलं असतं तर?"

"ही गाठ सुरुवातीला दुखत नाही, तिथंच घोटाळा होतो. ती होऊ नये म्हणून काय करावं, ते कुणालाच ठाऊक नाही. पण लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हाच कुणी बोट घालून बघितलं असतं तर निदान कळलं असतं. माणसं लाजतात. मग असं होतं."

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात आबांच्या कंबरेचा एक्स-रे फोटो काढला. सर्जननी त्याची फिल्म खिडकीपुढं धरून मला दाखवली. माझ्या वडिलांचा सांगाडा उजेडात तरंगत होता, आणि माकडहाडावर, खुब्यावर, मणक्यांवर कुणी चुन्याची बोटं उठवावीत तसे पांढरे डाग होते. दारावर असे ठसे दिसले तर आमच्याकडं कुणीतरी करणी केली म्हणतील. सर्जन म्हणाले, जिथं जिथं पांढरं आहे तिथं तिथं तो पोचला आहे.

"बरे होतील असं मी म्हणत नाही," ते पुढं म्हणाले. "पण अलीकडं एक गोष्ट कळली आहे. या गाठीला वाढायला जे खाद्य लागतं ते पुरुषाच्या अंडांतून येतं. ती काढून टाकली तर गाठ आवळते. दुखणं बहुतेक थांबेल. किती दिवस, ते सांगता येत नाही. वडिलांना विचारून सांगा."

हे वडिलांना कसं विचारायचं? मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसलो आणि खोंडाचा बैल कसा करतात तिथून सुरुवात केली. त्यांनी मला दोन वाक्यांत ओळखलं.

"बडवनार व्हय मला?"

मी मान हलवली.

त्यांनी आपले दोन्ही हात डोळ्यांपुढं धरले. आई पायथ्याशी बसली होती. "या हातांनी म्या किती खोंड बडवलं," ते म्हणाले. "मागनं त्ये बिचारं नांगराला गरीब चालायचं. येळ आली म्हनायची आपली." मग खालच्या आवाजात म्हणाले, "पर देवीला खोट आसल्याला जीव चालत न्हाई. बोकडाचा कान फाटका आसला तरी परत न्ह्याया लागतो. मंग माज्या अंगात ती कशाला येईल?"

मी आईकडं पाहिलं. तिनं आबांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"अवं, देवीचं देवी बगंल," ती म्हणाली. "मला तुमी उटून बसल्यालं पायजे."

आबांनी होकार दिला.

शस्त्रक्रिया सकाळी झाली. तो दिवस आणि ती रात्र ते गुंगीत होते. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी खाटेशी गेलो तर आबा उठून बसलेले. स्वतःच्या हातांनी कंबर चाचपत होते. मणका, खुबे, पुन्हा मणका, जसं काही हरवलंय आणि सापडत नाही.

"काय झालं, आबा?"

"गेलं."

"काय गेलं?"

"दुखनं. सगळं. कुनी न्हेलं रं?"

मला रडू आलं. पण आबांच्या तोंडावर आनंद नव्हता. ते माझा दंड धरून म्हणाले, "एवड्या झटक्यानं जातं ते बरं न्हवं. आदी कसं जिरत जिरत जातं दुखनं. ह्ये तर कुनी दार उगडून भायेर पडल्यावानी गेलं. त्ये जवळच कुटंतरी बसलं आसंल."

वस्तीवर आम्ही दुपारी पोचलो. गावकुसाशी आबा गाडीतून उतरले आणि चालायला लागले. गेले त्या दिवशी त्यांना चौघांनी उचलून गाडीत घातलं होतं. आता ते एकटे, ताठ, हातात काठीसुद्धा न घेता चालत येताना पाहून पाणवठ्यावरच्या बायका घागरी तिथंच टाकून मागं सरल्या. एकीनं घरात जाऊन दार लावून घेतलं. आमच्या परड्यात ताजे तोडलेले हिरवे बांबू भिंतीला टेकवून ठेवलेले होते. आबा त्यांच्यापुढं थांबले. "ह्ये कशाला?"

शेजाऱ्याची मान खाली गेली. "वालाच्या मांडवाला, आबा."

वालाचे वेल चढवायचे ते दिवसच नव्हते.

आबांचं काय कापलं हे आई, चुलते आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं. पण बदल लोकांना दिसत होता. न्हावी म्हणायला लागला की आबांच्या गालाला वस्तरा लागतच नाही, पोरासारखा गाल झालाय. चेहरा भरला, कातडी तुकतुकीत झाली. माणूस तोच, पण कुणी आतून नवीन शिवून पाठवल्यासारखा. मग ते झटके सुरू झाले.

पहिला झटका मी पाहिला. आबा ओट्यावर बसून सुतळी वळत होते. समोर लोक बसलेले. बोलता बोलता आबा थांबले. छातीपासून वर लाली चढत गेली, मान, कान, कपाळ. डोळे लाल झाले. अंगातून घामाच्या धारा लागल्या आणि हात थरथरू लागले. ढोल नाही, ऊद नाही, देऊळ नाही. समोरचा एक माणूस उठला आणि त्यानं डोकं जमिनीला टेकलं. एकामागून एक सगळे वाकले.

"उटा," आबा धापा टाकत म्हणाले. "ह्यो देव न्हाई."

कोण ऐकणार? देवीच स्वतःला देवी म्हणवून घेत नाही, असं लोक म्हणाले. सर्जननी मला आधीच सांगितलं होतं, बायकांची पाळी जाताना जशी अंगाची आग होते तशी यांना होईल. मी ते आबांना समजावलं होतं. त्यांनाही फरक कळत होता. वारं यायचं तेव्हा ते स्वतः कुठंच नसायचे. आता ते पूर्ण जागे असायचे. सगळ्यांचे वाकलेले माथे त्यांना दिसायचे आणि अंग मात्र त्यांचं न ऐकता देवीचं सोंग करायचं.

लांबलांबून लोक यायला लागले. ओट्याखाली बसून राहायचे, लाली कधी चढते त्याची वाट बघत.

त्यांतच एक बाई आली. तिचा मुलगा पलटणीत होता. लढाई संपून बरेच दिवस झाले होते, पण ना पत्र, ना माणूस. ती काही न बोलता आबांसमोर बसली होती. लाली चढली तशी तिनं पदर पसरला. "आई, माजा लेक कुटं हाय? सांग. येवडं सांग."

आबांनी नेहमीसारखं तोंड फिरवलं नाही. त्यांचे ओठ हलले. "पानी," ते म्हणाले. "पानी... पानी..."

मी तांब्या आणायला आत धावलो. बाहेर ती बाई किंचाळली. मी पाणी घेऊन आलो तेव्हा ती छाती पिटत उठली होती आणि दोघीजणी तिला धरून नेत होत्या. आबा तांब्या घटाघटा प्यायले.

पुढं सरकारी कागद आला. मुलगा ब्रह्मदेशात, एक नदी ओलांडताना, पाण्यात वारला होता.

कागद आला त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "मला तहान लागली हुती. अंगाची आग हुती, म्हून पानी मागितलं. येवडंच."

"हो आबा. एवढंच."

थोड्या वेळानं त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "येवडंच आसंल न्हवं रं?"

मी हो म्हणालो. पण माझा आवाज मलाच पटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तीतल्या बाप्यांना देवळात बोलावलं. बायकांना येऊ दिलं नाही. आधी देवीला पाठ दाखवून बसायला ते कचरले, मग बसले. काही आडपडदा न ठेवता त्यांनी सगळं सांगितलं. लघवी कशी अडत गेली, लाजेपायी ते कसे गप्प राहिले, डॉक्टरनं बोट घालून काय चाचपलं, पुण्याला काय कापलं. "ह्यो घाम त्या कापन्याचा हाय. देवीचा न्हाई. मला कुनी काय इचारू नका. म्या चुकून काय बोललो तर त्या बाईवानी कुनाचं तरी काळीज फाटंल."

एकदोघांनी देवीकडं बघून हात जोडले.

"आनि त्या जांबळीखाली हुबा आसायचा त्यो बी म्याच," आबा म्हणाले. "मुतायला."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणीतरी हसेल असं मला वाटलं होतं. कुणीच हसलं नाही. एक पोक्त शेतकरी, उगाच काही बोलणारा नव्हे, खाकरून म्हणाला, "आबा, तुमी सांगता त्ये समदं खरं. कापल्यालं खरं, घामाचं खरं. पर जांबळीखाली तुमी न्हवता."

"म्याच हुतो की रं."

"तुमी पुन्याला हुता तवाबी त्यो हुता. म्या बगितला. आनि म्या एकल्यानंच न्हाई."

आणखी दोघांनी माना हलवल्या. आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. दुखण्यात नाही, पुण्याला नाही, इथं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. आम्ही घरी आलो, आणि त्या गोष्टीवर आमच्यात पुन्हा कधीच बोलणं झालं नाही.

त्या दिवसापासून ओट्याखाली बसणारे लोक कमी झाले. दुसरेच यायला लागले. दुपारचं कुणी नाही असं बघून एखादा म्हातारा परड्यातून यायचा, आबांच्या कानाशी लागायचा, "आबा, मलाबी सांजच्याला लई येळ लागतुया." आबा त्याला काय काय विचारायचे आणि शेवटी सांगायचे, "भोरला मास्तराकडं जा. त्यो न्हील डाक्टराकडं. बोट घालत्यात. मरत न्हाई कुनी त्यानं."

आबांना पुढं एक पूर्ण हंगाम मिळाला, आणि दुसऱ्याचा अर्धा. त्यांनी स्वतः नांगर धरला. संध्याकाळी आई आणि ते ओट्यावर बसून शेंगा सोलायचे. लाली चढली की आई सुपानं त्यांना वारा घालायची. दोघांना एवढं बोलताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग एकदा लावणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात उभे असताना, आबा एकदम थांबले. हातातली रोपं पाण्यात सोडून त्यांनी कंबर धरली. मी बांधावर होतो.

"आलं," ते म्हणाले. ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं.

पुण्याहून गोळ्या आणल्या, बायकांच्या अंगात असतं तसल्या द्रव्याच्या. गोळ्यांनी थोडे दिवस उतार पडला, छाती मात्र बायकांसारखी सुजली आणि आबा उघडे बसेनासे झाले. पुढं पाय गेले. सकाळी जाग आली की ते पांघरुणाखालचे पाय बघून आईला विचारायचे, "ह्ये कुनाचं पाय हितं ठिवल्यात?" पहिल्यांदा आम्हांला वाटलं थट्टा करतात. पायांना खरंच काही कळत नव्हतं. आईनं हळू चिमटा घेतला तरी त्यांचा चेहरा हलत नसे. शेवटी ते फार शांत गेले, भर दुपारी, आईच्या हातून पेज घेता घेता.

तेराव्यानंतर मी भोरला परतलो. परड्यातून येणारी माणसं आता शाळेच्या फाटकाशी यायला लागली. शाळा सुटायच्या वेळेला एखादा मुंडासं सारखं करत उभा असायचा. "मास्तर, जरा काम हुतं." काय काम ते मी विचारत नसे. चालत दवाखान्यात जायचो. पडद्याबाहेर बसायचो. बहुतेकांची ग्रंथी नुसती वाढलेली निघे, मऊ. दोघांची तशी नव्हती.

एकदा फाटकाशी माझे धाकटे चुलते उभे होते. आबांच्या मागं देवीचं वारं त्यांच्या अंगात यायला लागलं होतं. त्यांना त्रास काहीच नव्हता. "पर दादाला हुतं," ते म्हणाले, "मलाबी बगून घ्यावं म्हनलं."

डॉक्टरांनी पडदा ओढला. मी बाकावर बसलो. आतून बराच वेळ आवाज आला नाही. माझा एक हात आपोआप दुसऱ्या हाताच्या मुठीवर गेला, तो मी काढून घेतला. मग डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "मऊ आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा आणा."

चुलते धोतर सावरत बाहेर आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांच्याकडं बघतोय हे पाहून त्यांनी तो घाईनं पुसला.

"उकडतंय रं लई आत," ते म्हणाले, आणि आम्ही माझ्या खोलीवर जेवायला गेलो.